राहुटी, पाल आणि बंडी : नागपूर मुलुखातील तंबूचा इतिहास

नागपूरहून उत्तरेस पेंचच्या जंगलाकडे किंवा दक्षिणेस ताडोबाकडे स्वतःच्या मोटारीने मुक्कामाला निघणाऱ्या कुटुंबापुढे थोडक्या पैशांत मिळणारा आणि पुष्कळ वर्षे टिकणारा तंबू कोणता, हा प्रश्न उभा राहतो. या मुलुखाला तो नवा नाही. भोसल्यांच्या फौजा, मोजणीखात्याचे अधिकारी, दौऱ्यावरचे कमिशनर, यात्रेकरूंच्या बैलगाड्या आणि पालावर जन्म काढणारी भटकी कुटुंबे या सगळ्यांनी तो आपापल्या परीने सोडवला होता. त्यांच्या उत्तरांत एक समान सूत्र दिसते. तंबूचा आकार किंवा त्याचे नाव यांपेक्षा त्याचे कापड कसे विणले आहे, तो कोणत्या ऋतूत उभा राहणार आहे आणि तो कोणत्या वाहनावरून जाणार आहे, यांवरच त्याचे आयुष्य आणि त्याचा खर्च ठरत आला. आजच्या खरेदीत या तीनपैकी शेवटच्या बाबीचा विचार सर्वांत कमी होतो, आणि इतिहासाने सर्वांत जास्त शिकवले आहे ते नेमके तिच्याविषयीच.

मराठीतील तंबूविषयक शब्दसंग्रह पाहिला तर ही वस्तू कोणत्या वाटेने आली हे कळते. ‘तंबू’ आणि ‘शामियाना’ हे शब्द फारसीतून आले. ‘कनात’, म्हणजे तंबूभोवती किंवा आवाराभोवती उभी करायची कापडी भिंत, हा शब्द तुर्की मुळाचा आहे. जमिनीत ठोकायची ‘मेख’ आणि तंबूचे कापड ताणून धरणारा दोर, म्हणजे ‘तणावा’, हेही फारसीचेच देणे होय. तंबू उभारणारा, बिछायत घालणारा नोकर तो ‘फरास’, आणि तंबू, कनाती, जाजमे ठेवण्याचे कोठार तो ‘फरासखाना’. शिवकाळातील राज्यव्यवस्थेचे जे अठरा कारखाने सांगितले जातात त्यांत फरासखान्याची गणना आहे, आणि पुण्याच्या मध्यवस्तीतील एका भागाला ते नाव आजही चिकटून आहे. ‘राहुटी’ हा शब्द मात्र विशेष लक्ष देण्याजोगा आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बादशाही तंबूंचे जे प्रकार वर्णिले आहेत त्यांत ‘चोबीन रावटी’ हा लाकडी खांबांवर उभा राहणारा थाटाचा प्रकार येतो. मराठीत उतरताना त्याच शब्दाचा थाट गळून पडला आणि दोन उभ्या खांबांवर एक आडवा दांडा टाकून त्यावर दोन्ही बाजूंनी उतरते कापड सोडलेला साधा, शिपायाला आणि वारकऱ्याला परवडणारा तंबू म्हणजे राहुटी, असा अर्थ रूढ झाला.

बादशाही तंबूचा खर्च किती अवाढव्य होता, हे त्याच ग्रंथातील आकड्यांवरून समजते. अकबराच्या एका तळाचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय एक तळ वापरात असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी आधीच जाऊन उभा राहत असे, ज्याला ‘पेशखाना’ म्हणत. म्हणजे प्रत्येक तंबू दोन वेळा विकत घ्यायचा आणि दोन वेळा वाहून न्यायचा. मराठ्यांच्या फौजेने ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, कारण तिचे बळ वेगात होते. जड सामान मागे ठेवून दौड मारणाऱ्या स्वाराला घोड्याची झूल, घोंगडी आणि फार तर एक राहुटी पुरत असे. तंबूची नाजूक जागा कोणती हेही या फौजेला नेमके ठाऊक होते. संताजी घोरपडे यांनी औरंगजेबाच्या छावणीवर रात्रीचा छापा घालून बादशाही डेऱ्याचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस उतरवून नेले, अशी परंपरा मराठी मनात खोलवर रुजलेली आहे. तिचा ऐतिहासिक तपशील कसाही असो, केवढाही मोठा तंबू काही दोरांच्या जिवावर उभा असतो, हे व्यवहारज्ञान तीत स्वच्छ दिसते.

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात तंबू एका रक्तरंजित प्रसंगात येतो. पहिल्या रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्कर राम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून गेले आणि त्या पावसाळ्यात त्यांनी भागीरथीकाठी कटवा येथे तळ दिला. पुढच्या स्वारीत, ३१ मार्च १७४४ रोजी, नबाब अलीवर्दीखानाने तहाच्या बोलणीसाठी त्यांना आणि त्यांच्या सरदारांना मानकरा येथील मैदानात उभारलेल्या डेऱ्यात बोलावले. कनातींच्या आड मारेकरी दडवून ठेवलेले होते, आणि डेऱ्यात शिरलेल्या सरदारांपैकी कोणी जिवंत परतला नाही. कनातीच्या दुहेरी कापडामध्ये माणूस लपू शकेल एवढे अंतर असते, ही गोष्ट त्या काळी दरबारी डेऱ्याच्या रचनेचाच भाग होती, कारण दोन कापडांमधल्या पोकळीने ऊन आणि आवाज अडत असे. दोन पदरांमधील हवा हे उष्ण प्रदेशातील तंबूशास्त्राचे मूळ तत्त्व आहे, आणि ते पुढे पुन्हा येईल.

कटव्याच्या पावसाळी तळाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. मराठी कागदपत्रांत ‘छावणी करणे’ म्हणजे सैन्याने पावसाळ्याचे चार महिने एका जागी काढणे. या शब्दाच्या मुळाशी छप्पर घालणे या अर्थाची क्रिया आहे. पाऊस सुरू झाला की फौज तंबूंवर विसंबून राहत नसे, गवताने शाकारलेल्या झोपड्या आणि पडव्या बांधल्या जात. मोहिमेचा हंगाम दसऱ्याला, शिलंगणाने, उघडे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस आटपे. म्हणजे ज्या लोकांनी शतकानुशतके तंबू वापरला, त्यांनी तो भर पावसात महिनोन्‌महिने उभा राहील अशी अपेक्षाच कधी केली नव्हती. त्यांनी तंबूला हिवाळ्याचे आणि कोरड्या उन्हाळ्याचे घर मानले, आणि पावसाळ्यात तो कोरडा करून, गुंडाळून फरासखान्यात ठेवला. जुने तंबू दीर्घकाळ टिकत याचे अर्धे श्रेय कापडाला असले तरी उरलेले अर्धे या ऋतुशिस्तीला द्यावे लागते. नागपूर परिसरात वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, हे ध्यानात घेतले की या शिस्तीचे मोल कळते.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांशी झालेल्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता गेली, आणि १८२१ साली कन्हान नदीच्या काठी कामठी येथे इंग्रजी फौजेचे कायमचे ठाणे वसले. कामठी हे गावाचे नावच ‘कॅम्प’ या इंग्रजी शब्दावरून पडले, अशी लोकव्युत्पत्ती अजून ऐकू येते. त्याच सुमारास या भूमीवर तंबूत राहणाऱ्या एका असामान्य माणसाचा शेवट झाला. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन हा दक्षिण टोकापासून उत्तरेकडे पृथ्वीची कमान मोजत आला होता, आणि हैदराबादेहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या आयुष्यातील अखेरची दोन दशके माळरानावरच्या मुक्कामांत गेली. या मोजणीचे नागपूरशी जडलेले नाते सीताबर्डीजवळच्या शून्य मैलाच्या दगडापाशी आजही आठवले जाते. हिंगणघाटचे नाव येथे आणखी एका अर्थाने सार्थ आहे, कारण उत्तम तंतूचा ‘बनी’ कापूस याच गावाच्या बाजाराने जगात ओळखीचा केला. तो सूक्ष्म धाग्यासाठी, लुगड्यांसाठी आणि धोतरांसाठी मोलाचा, तर तंबूच्या जाड धाग्याला आखूड तंतूचा स्वस्त कापूसही चालत असे.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी ठरली. तेव्हापासून जवळजवळ एक शतक ‘दौरा’ हा राज्यकारभाराचा कणा होता. पावसाळा सरला, शेतवाटा सुकल्या की डेप्युटी कमिशनर, जमाबंदीचे अधिकारी, जंगलखात्याचे अंमलदार आणि पोलिसप्रमुख कचेरी, कागदपत्रे आणि अनेकदा बायकामुले यांसह तंबूंत राहायला निघत आणि उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव फिरत. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने सातपुड्यातील अशा भटकंतीवर लिहिलेले पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले, तर स्टर्नडेलने १८७७ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘सिवनी’ आणि ‘सातपुड्यावरील छावणीजीवन’ हे शब्द घातले. आज पेंचला जाणारे नागपूरकर कुटुंब ज्या डोंगररांगेत शिरते, तिचे इंग्रजी वाङ्मयातील पहिले मोठे चित्रण हे असे तंबूच्या दारातून झालेले आहे.

या दौऱ्यांतील तंबूंची जात समजून घेतली पाहिजे, कारण टिकाऊपणाचा पुढचा सारा विचार तिच्यापासून सुरू होतो. अधिकाऱ्याचा राहता तंबू दुहेरी छताचा असे: आतले छत राहण्याच्या जागेवर, आणि त्याच्यावर सुमारे हात-दीड हाताचे अंतर राखून ताणलेले दुसरे कापड. उन्हाचा मारा वरचे कापड सोसे, मधली हवा वाहती राही आणि आतले छत त्यामानाने थंड राही. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे ही रचना केवळ सोयीची नव्हती, ती आरोग्याचा प्रश्न होती. मागे न्हाणीघर आणि पुढे ओसरी असलेल्या मोठ्या प्रकाराला ‘स्विस कॉटेज’ म्हणत, आणि ताडोबा-पेंच परिसरातील निवासस्थळांच्या जाहिरातींत हेच नाव आजही वावरते. भिंतीच्या कापडाला बहुधा ‘दोसुती’ म्हणत, म्हणजे ज्याच्या ताण्यात आणि बाण्यात दोन-दोन धागे एकत्र घालून विणलेले असतात असे कापड. ताणा म्हणजे मागावर उभे ताणलेले धागे आणि बाणा म्हणजे त्यांतून आडवा जाणारा धागा. दोन्हींत जोडधागा आला की कापड जाड, घट्ट आणि फाटायला अवघड होते.

हे तंबू येत कोठून, याचे एक उत्तर मध्य प्रांताच्या स्वतःच्या इतिहासात आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या काळात, १८३० च्या दशकाच्या अखेरीस, जबलपूर येथे एक उद्योगशाळा काढण्यात आली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले यांना तेथे तंबू व गालिचे विणायला लावले, आणि जबलपूरचे तंबू पुढे दूरवर नावाजले. प्रवाशांचे गळे आवळणाऱ्यांच्या मुलांनी प्रवाशांसाठीच निवारा शिवावा, ही घटना इतिहासात क्वचितच दिसणारी आहे.

या दौऱ्यांच्या हिशेबात मात्र एक मोठी रक्कम कधी धरली गेली नाही. असा तंबू कापड, खांब, मेखा आणि दोर मिळून इतका जड होई की तो हलवायला बैलगाड्या किंवा उंट लागत. एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाच्या मुक्कामामागे गाड्यांची रांगच असे. त्या गाड्या, बैलांचा चारा, सरपण, पाणी भरणारी माणसे हे सारे वाटेतल्या गावांनी पुरवायचे, त्याला ‘रसद’ म्हणत, आणि त्यातले बरेचसे वेठीने, म्हणजे मोबदला न देता किंवा नाममात्र देऊन, काढले जाई. सरकारी तंबू स्वस्त पडला तो गावकऱ्यांच्या अंगमेहनतीवर, हे विसरून त्या काळच्या रमणीय छावणीवर्णनांचे वाचन करणे अन्यायाचे होईल. पेरणी-कापणीच्या दिवसांत बैल अडकले म्हणून शेत मागे पडलेल्या शेतकऱ्याला त्या दुहेरी छताची किंमत अधिकाऱ्यापेक्षा चांगली माहीत होती.

कापडाच्या बाजूने नागपूरचे चित्र १८६७ मध्ये बदलले, जेव्हा मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथवर पोहोचली. अमेरिकेतील यादवीमुळे वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला आलेला भाव ओसरला होता, परंतु कापूस, वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा आणि रेल्वे ही तिन्ही जवळ असलेले ठिकाण म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, जुम्मा तलावाजवळ भर घालून तयार केलेल्या जमिनीवर एम्प्रेस मिल सुरू झाली; आरंभी तिच्यात सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग होते. तोवर या मुलुखात जाडेभरडे कापड मुख्यतः महार विणकर आणि बारीक, रेशीमकाठी कापड कोष्टी विणकर विणत असत. राहुटीला, पालाला, गाडीच्या झाकणाला लागणारे कापड पहिल्या वर्गातले, आणि गिरणीचा पहिला घाव त्याच विणकरांवर बसला. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे पुढे गिरणीत मजूर म्हणून उभी राहिली. स्वस्त आणि एकसारख्या गिरणीच्या कापडाने सामान्य माणसाच्या तंबूचा खर्च कमी झाला हे खरे, पण त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हेही तितकेच खरे आहे.

गिरणीच्या कापडाने आणखी एक गोष्ट साधली. हातमागावरच्या जाड कापडात धागा कोठे जाड, कोठे बारीक येई, त्यामुळे विणीतील छिद्रे सारखी नसत. सुती तंबूचा पावसापासून बचाव मात्र या छिद्रांवरच अवलंबून असतो. कापसाचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली जागा भरून काढतो; उरलेल्या सूक्ष्म छिद्रांवर पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराचा आकसून राहण्याचा गुण, थेंबाला अडवून धरतो. म्हणून घट्ट आणि सारख्या विणीचा सुती तंबू कोणताही लेप नसतानाही बऱ्याच पावसाला तोंड देतो, पण आतून कोणी ओल्या छताला बोट लावले की पृष्ठताण मोडतो आणि नेमक्या त्या ठिकाणी गळती सुरू होते. नवा तंबू वापरण्यापूर्वी एक-दोनदा पूर्ण भिजवून, ताणून वाळवावा ही जुनी रीत याच कारणाने पडली, कारण पहिल्या भिजण्याने धागे आपली जागा धरतात आणि शिलाईची भोके बुजतात. अंबाडीच्या किंवा सुताच्या तणाव्यांचे वागणेही असेच आहे: ते भिजले की आखडतात, आणि संध्याकाळी सैल केले नाहीत तर रात्रीच्या पावसात मेखा उपटतात किंवा कापड फाडतात. विदर्भाच्या काळ्या मातीत ही भीती दुप्पट असते, कारण ती माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट आणि ओली झाली की लोण्यासारखी मऊ होते. बाभळीच्या लाकडाच्या जाड, लांब मेखा येथे पूर्वी पसंत केल्या जात त्या यासाठीच. मुरमाड माळावर जी बारीक लोखंडी मेख भक्कम बसते ती काळ्या रानात पावसाच्या पहिल्या सरीला निसटते.

अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांबाहेर तंबूचे दोन लोकजीवनातील वंश होते, आणि कुटुंबाच्या तंबूचा खरा इतिहास तेथेच शोधावा लागतो. पहिला वंश पालाचा. ‘पाल’ म्हणजे कमरेइतक्या किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीच्या काठ्यांवर टाकलेले एकपदरी कापड, दोन्ही बाजू जमिनीला टेकलेल्या, पुढचे तोंड उघडे. गाढवावर किंवा डोक्यावर वाहता येईल एवढेच त्याचे वजन. भटक्या जमातींनी गोधडीचे तुकडे, बारदान, जुने धोतर जे मिळेल ते जोडून पाल उभे केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याखाली संसार केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांतल्या अनेकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला, तरी गावाच्या शिवेवर पाल ठोकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय गेली नाही. हौसेने एक रात्र तंबूत काढणाऱ्याला जे दुरुस्तीचे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागते, म्हणजे झिजलेल्या जागी आधीच ठिगळ लावणे, वाऱ्याच्या दिशेला पाठ देणे, पाण्याचा उतार पाहून चर खणणे, ते या माणसांच्या हातात परंपरेने आहे. आठवडी बाजारातल्या दुकानांवरची पालेही याच वंशातली.

दुसरा वंश यात्रेचा, आणि आजच्या मोटारमुक्कामाचा तोच थेट पूर्वज होय. कार्तिक पौर्णिमेला रामटेकच्या यात्रेला, महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला, आणि ठिकठिकाणच्या लहानमोठ्या जत्रांना विदर्भातली शेतकरी कुटुंबे बैलबंडीने जात. ‘बंडी’ म्हणजे ओझ्याची बैलगाडी, आणि बसण्यासाठीची हलकी गाडी ती दमणी किंवा रेंगी. बंडीवर बांबूच्या तट्ट्याची कमान बसवून त्यावर जाड कापड टाकले की दिवसा सावली आणि रात्री छप्पर होई. मुक्कामाच्या जागी बैल सोडून तेच कापड गाडीच्या दांड्यांना आणि जवळच्या झाडाला बांधले की बायकामुलांची निजायची सोय झाली. तांदूळ, डाळ, भांडी, कडबा, अंथरूण सारे गाडीतच. येथे तंबू आणि वाहन या वेगळ्या वस्तू नव्हत्या, गाडी हाच तंबूचा कणा होता. वजन बैल ओढत असल्यामुळे कापड हलके असण्याची गरज कोणाला भासली नाही. ते जाड असावे, गाडीच्या चाकाखाली आले तरी फाटू नये, आणि वर्षाचे उरलेले दिवस धान्याच्या राशीवर टाकता यावे, एवढीच मागणी होती. परवडण्याचा अर्थ येथे स्वच्छ दिसतो: जी वस्तू यात्रेच्या चार दिवसांनंतरही शेतात राबते तीच स्वस्त. पुढे ‘टारपॉलिन’ या इंग्रजी शब्दाला मराठी कानाने ‘ताडपत्री’ केले. डांबर लावलेल्या कापडाच्या नावाचे ताडाच्या पानात झालेले हे रूपांतर लोकांना इतके पटले की मूळ शब्द कोणाला आठवतही नाही, आणि प्लॅस्टिकची पत्रेही आज त्याच नावाने विकली जातात.

भर पावसाळ्यात भरणारी एक मोठी यात्रा म्हणजे पचमढीच्या डोंगरातील नागद्वाराची, नागपंचमीच्या सुमारास. आणि ती ऋतुशिस्तीच्या नियमाला अपवाद असल्यामुळेच उद्बोधक आहे. भर पावसात डोंगर चढणाऱ्या विदर्भातील भाविकांसाठी नागपूर-अमरावतीकडची सेवामंडळे वाटेवर निवारे आणि अन्नछत्रे उभारतात, आणि या निवाऱ्यांत सुती तंबूला स्थान उरलेले नाही. बांबू आणि प्लॅस्टिकची ताडपत्री हीच तेथली सामग्री आहे, कारण आठवडाभर न वाळणारे सुती कापड बुरशीने काळे पडून कुजते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. गावोगावहून आलेली कुटुंबे शिदोरी बांधून आली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीच्या परिसरात, रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या पटांगणांत कापडाच्या छपराखाली हजारो कुटुंबे मुक्काम करतात. ज्या दसऱ्याला भोसल्यांच्या फौजेचे डेरे शहराबाहेर पडत, त्याच दसऱ्याला आता शहरात डेरे येतात, आणि ते लुटीसाठी निघालेल्यांचे नसून ज्यांच्या पूर्वजांनी जाडेभरडे कापड विणले त्यांच्या वारसांचे आहेत. हा बदल नागपूरच्या सामाजिक इतिहासातील सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक मानला पाहिजे.

विसाव्या शतकात तंबूचे कापड मुळापासून बदलले. १९३० च्या दशकात नायलॉन आणि १९४१ मध्ये पॉलिस्टर तयार झाले. त्यांचे धागे पाण्याने फुगत नाहीत, म्हणून अशा कापडाला पाणी अडवण्यासाठी आतून लेप द्यावा लागतो आणि शिलाईवर पट्टी चिकटवावी लागते. या कापडांचे घुमटाकार हलके तंबू मुख्यतः गिर्यारोहकांसाठी विकसित झाले, ज्यांना घर पाठीवर वाहायचे असते. तिकडे नागपुरात लग्नकार्याचे तंबू पुरवणाऱ्या ‘बिछायत केंद्रां’नी जुना फरासखाना भाड्याच्या स्वरूपात चालू ठेवला, तर ज्या गिरणीने या शहराला कापडाचे शहर केले, ती एम्प्रेस मिल १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे जाऊन २००२ मध्ये बंद पडली.

आजचे कुटुंब मोटारीने निघते तेव्हा बैलबंडीचाच वारसा चालवत असते, पण दुकानात मात्र ते गिर्यारोहकाचा तंबू मागते. दोन किलो वजन वाचवण्यासाठी बारीक कापड, बारीक फायबरच्या काड्या आणि इतकी कमी उंची की आत उभे राहून कपडे बदलता येत नाहीत, एवढे सगळे सोसणे पाठीवर ओझे घेणाऱ्याला भाग आहे. डिकीत सामान टाकणाऱ्याला ते सोसण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी जाड पॉलिस्टर किंवा सुताचे मिश्रण असलेले कापड, लोखंडी वा अ‍ॅल्युमिनियमचे खांब, उभे राहता येईल अशी उंची, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुख्य छतापासून सुटे, खालपर्यंत येणारे दुसरे छत, ही जुन्या दौऱ्याच्या तंबूची लक्षणेच पैशाचा खरा मोबदला देतात. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू चार जणांना जेमतेम आडवे होण्यापुरता असतो, म्हणून दोन मुलांच्या कुटुंबाने सहा माणसांचा घेणे शहाणपणाचे. पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये सांगितली जाते, म्हणजे कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी ते झिरपत नाही याचे माप. पण ताडोबा आणि पेंचचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात बंद असते, आणि हिवाळी मुक्कामात पावसापेक्षा श्वासाची वाफ छताला लागून टपकणे हाच त्रास जास्त होतो. त्यावर मोठ्या आकड्याचा उपयोग नाही, वारा खेळण्यासाठी वर आणि खाली ठेवलेल्या जाळीच्या खिडक्यांचा आहे.

कृत्रिम कापडाचे दोन शत्रू नागपुरात विशेष बळकट आहेत. उन्हातील अतिनील किरण नायलॉनला आणि पॉलिस्टरला हळूहळू ठिसूळ करतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तंबू दिवसभर उभा ठेवण्यापेक्षा झाडाच्या सावलीत लावावा किंवा त्यावर एक साधी ताडपत्री उंच ताणावी, जी फाटली तर बदलायला स्वस्त; दौऱ्याच्या तंबूचे वरचे छत हेच काम करत होते. दुसरा शत्रू घरातच असतो. आतला लेप उष्णता आणि दमटपणा यांनी चिकट होऊन सुटू लागतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ओलसर गुंडाळून ठेवलेला तंबू एका पावसाळ्यात निकामी होतो, मग त्याची किंमत काहीही असो. २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशासाठी देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाल्यापासून रात्रीच्या मुक्कामाची ओढ शहरात वाढते आहे. अशा मुक्कामाहून परतलेल्या कुटुंबाने दुसऱ्या दिवशी गच्चीवर तंबू पसरून, उलटापालटा करून, शिलाईच्या दुमडी आणि मेखांची पिशवीसुद्धा कोरडी होईपर्यंत तो सावलीच्या वाऱ्यात ठेवावा, सैल गुंडाळावा आणि घरातल्या थंड, कोरड्या खोलीत जमिनीपासून उंचावर, वाळवी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. फरासखान्यातले फरास दर पावसाळ्याच्या तोंडाशी करत ते काम हेच.